महाराजांच्या पायाला काडी टोचू नये म्हणून

होळीच्या आदल्या दिवशी सालईटोल्यात एवढी माणसं लोटली की गावातली कुत्री भुंकणं सोडून बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर जाऊन बसली. लाखनीहून येणाऱ्या एसटीत उभं राहायला जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येत होत्या. बाया, बाप्ये, कडेवरची लेकरं. घरटी लाल फडक्यात बांधलेला एकेक नारळ. शाळेच्या पटांगणावर मांडव घातला होता, मांडवात झोपाळा होता आणि झोपाळ्यावर शीतलगिरी महाराज बसले होते.

महाराज मौनात होते. त्यांच्या मौनात एकाच शब्दाला परवानगी होती, 'थंडा'. आधी ते दोन्ही गाल फुगवून 'फूऽऽ' अशी फुंकर मारत, मग डोळे मिटून म्हणत, "थंडा." लगेच सगळा मांडव ओरडे, "थंडा! थंडा!" नव्यानं आलेल्याला वाटावं, इथं कुल्फीचा लिलाव चाललाय.

बोलण्याचं काम भय्याजींकडे होतं. भय्याजी म्हणजे महाराजांचे पट्टशिष्य. अंगात भगवं जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात माईक. माईक त्यांच्या हातातून कोणी काढून घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"माताओं, बहनों, बंधूंनो! आग कायनं विझते?"

"पान्यानं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"चूक! पान्यानं विझते ते चुलीतली. जंगलातला वनवा म्हनजे साक्षात अग्निदेव! देवाच्या तोंडावर पानी फेकता? देवाले विनंती करा लागते. आन् अग्निदेव या भूतलावर एकाचीच विनंती ऐकते. कोनाची?"

"शीतलगिरी महाराजांची!"

"मागच्या साली याच गावात काय झालं, ते मी नाही सांगनार. ज्याचं घर वाचलं तोच सांगन. गोमाजी, उभे राहा!"

गोमाजी उभे राहिले. साठीचे, धानाची शेती करणारे, गावात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मी काय सांगू? घर उभं हाय. या, पाहून घ्या," एवढंच म्हणून ते खाली बसले. भय्याजींच्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्या दोन वाक्यांनी जास्त काम केलं.

कारण घर खरोखरच उभं होतं. सालईटोला डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि गावाची वरची ओळ तर जंगलाला पाठ टेकूनच बसली आहे. मागच्या एप्रिलात डोंगरावरून वणवा उतरला. वरच्या ओळीतली दोन घरं जळून गेली. पण त्यांच्या मधली तीन घरं जशीच्या तशी राहिली. एक गोमाजींचं, दुसरं शेजारच्या केशरबाईचं, तिसरं त्यांच्या पलीकडचं. आणि याच तीन घरांभोवती, वणव्याच्या थोडेच दिवस आधी, शीतलगिरी महाराजांनी अनवाणी प्रदक्षिणा घालून राखेचं रिंगण आखलं होतं. हे सगळं खरं होतं. खोटं असतं तर सोपं होतं.

झालं. बातमी आसपासच्या गावांत पसरली, आणि यंदा मागणी इतकी वाढली की महाराजांचे पाय पुरेनात. म्हणून भय्याजींनी नवी सोय जाहीर केली.

"यंदा महाराज सूक्ष्मदेहानं प्रदक्षिणा घालतीन! तुमी फकस्त नारळ दारावर टांगा आन् महाराजांची राख घराभवती टाका. बाकी महाराज पाहून घेतीन. पन एक ध्यानात ठेवा. राख टाकल्यावर पाऊस पडेपर्यंत अंगनाले खराटा लावाचा नाही! खराटा लावला का राख उडली. राख उडली का कवच तुटलं. मंग महाराजांले बोल लावाचा नाही!"

"थंडा," महाराज म्हणाले.

होळीपासून पावसापर्यंतचे दिवस म्हणजे नेमके तेच, ज्यांत साग, मोह, पळस, तेंदू आपापली पानं खाली टाकतात आणि वारा ती उचलून लोकांच्या अंगणांत आणि छपरांवर आणून ठेवतो.

मांडवात रुचिका मॅडम बसल्या होत्या. त्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत. मागच्या जूनमध्ये बदली होऊन आल्या होत्या आणि गोमाजींच्या घरी एक खोली भाड्यानं घेऊन राहत होत्या. मूळच्या लाखांदूरकडच्या, सपाट धानपट्टीतल्या. वणवा त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिला होता. पण बुवाबाजी उघडी पाडणारे प्रयोग त्यांना बरेच ठाऊक होते, आणि ते शाळेत करून दाखवायची त्यांना हौस होती. त्या उठल्या आणि थेट मांडवाच्या पुढे गेल्या.

"या राखेत औषध मिसळलेलं आहे," त्या म्हणाल्या. "तुरटी असेल, नाहीतर आणखी काही. त्यामुळे आग थांबते. मी दाखवते."

भय्याजींनी हसत हसत राखेची परात पुढे केली. मॅडमनी एक कागद घेतला, त्याला दोन्ही बाजूंनी राख चोळली आणि काडी लावली. कागद भुर्रकन पेटला. मॅडमची बोटंही पोळली.

"पाहिलं?" त्या बोटं झटकत म्हणाल्या. "या राखेनं काहीही होत नाही!"

"मॅडम," भय्याजी माईकवरून फार गोड आवाजात म्हणाले, "आधी म्हनता राखेत औषध हाय. मंग म्हनता राखेत काहीच नाही. एकावर राहा ना!"

मांडव हसून हसून लोळला. मॅडमच्या वर्गातली मुलंसुद्धा हसली.

संध्याकाळी ओसरीवर गोमाजींनी विषय काढला. ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या. राखेत काही नाही म्हनता. मंग माहं घर कसं वाचलं, तेवढं सांगा."

रुचिका मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही, काका."

"मंग?"

"मला माहीत नाही, याचा अर्थ महाराजांनी वाचवलं असा तर होत नाही ना?"

गोमाजी उठता उठता म्हणाले, "पन 'माहीत नाही' घराभवती टाकता येत नाही, मॅडम. राख टाकता येते."

हे उत्तर मॅडमना कागदाच्या चटक्यापेक्षा जास्त लागलं. कारण ते बरोबर होतं. घर का वाचलं हे सांगता येत नाही तोवर महाराजांची राख खपणारच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजींची सून गुंजन अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिचा नवरा प्रविण ट्रकवर होता, महिन्यातले बरेच दिवस बाहेरच. मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"गुंजन, मागच्या वर्षी महाराज आले, तेव्हा नेमकं काय काय झालं? अगदी पहिल्यापासून सांग."

"महाराजांचं काय, आले, चालले, जेवले, गेले," गुंजन म्हणाली. "काम तं आमचं झालं. हे भय्याजी दोन दिवस आधीच आले होते. म्हने, महाराज अनवानी चालतात. पायाले काडी जरी टोचली तं मौन तुटन."

"मग?"

"मंग काय! आमी तिन्ही घरच्या बायांनी घराभवतीची दहा-दहा हात जागा खराट्यानं झाडली. वाळलं गवत, कुसळ, काटे, सारं खुरप्यानं काढलं. वरून शेनानं सारवलं. एक पान पडू देत नोहते ते भय्याजी."

मॅडमचे हात मोहफुलांत थांबले. "आणखी?"

"मांगच्या भिंतीले लागून तनसाचा, वाळल्या पेंढ्याचा, ढीग होता. त्यांच्या जीपले जागा पाहिजे होती, तं थो उचलून वावरात नेऊन टाकला. सरपनाची चवड होती छपरीखाली. म्हने, यातून इंचू निंघाला तं महाराज भेतात. थेही हलवलं."

"अग्नीला वश करणारे महाराज विंचवाला भितात?"

"इंचू अग्निदेवाच्या खात्यात नाही येत, मॅडम," गुंजन गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, आणि मग दोघीही हसल्या.

"आणि छपरावरची कौलं?"

"थे तं सगळ्यात पयले. वरून पाला महाराजांच्या जटेत पडला म्हनून भय्याजी खवळले. मीच शिडी लावून चढली. कवेलूच्या खाचीखाचीत बोटभर पाला होता. तिन्ही घरचा काढला. आन् घरामांगच्या सांदवाडीच्या कुंपनाले रायमुनियाचं झाडोरं, थो काटेरी रायमुनिया, माजला होता, वाळून कोळ झालेला. त्याच्या काट्यात महाराजांचं धोतर अडकन म्हनून थोही तोडला."

"आणि जी दोन घरं जळली, त्यांनी झाडलं होतं?"

"त्यांच्याकडं महाराज गेलेच नाही. मंग त्यांनी कायले झाडावं?"

मॅडम एकदम उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या. त्यांनी वनरक्षक धर्मेंद्र यांना फोन लावला. धर्मेंद्र दर उन्हाळ्यात डोंगरावर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे साफ केलेले पट्टे, काढून घेत, आणि लोकांनी ऐकावं म्हणून घसा कोरडा करत. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, लोकांले वाटते वणवा चालत घरापर्यंत येते. तो चालत कमी येते, उडत जास्त येते. वाऱ्यावर ठिणग्या येतात. ठिणगी कवेलूच्या खाचीत पाल्यावर बसली, नाहीतर तणसात बसली, की घर गेलं. पाला नसला तर ती उपाशी मरते. एवढंच हाय."

मॅडमनी फोन ठेवला. "गुंजन, हे घर महाराजांनी नाही वाचवलं. तू वाचवलंस. महाराजांच्या पायाला काडी टोचू नये म्हणून तुम्ही बायांनी जे झाडलं, त्यानं वाचलं."

गुंजननं हातातलं मोहफूल खाली टाकलं. "म्हनजे कंबर आमची मोडली," ती हळूच म्हणाली, "आन् हार त्यांच्या गळ्यात?"

त्याच दिवशी मॅडमनी गोमाजींना सगळं समजावून सांगितलं. गोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मॅडम, काल तुमी कागद जाळला. आता घर जाळता काय? काल म्हने औषध, आज म्हने खराटा. उद्या अजून काही म्हनसान. या घरात पाऊस पडेपर्यंत झाडलं जानार नाही."

मॅडम गावात आणखी चार-पाच घरी गेल्या. सगळीकडे त्यांना चहा मिळाला आणि कागदाची आठवण मिळाली.

गुंजननं मात्र वाद घातला नाही. सासरे पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेले की ती घराच्या मागच्या बाजूनं सुरुवात करी. मागची जागा झाडून टोपल्यांनी पाला खतखड्ड्यात नेऊन टाके. भिंतीजवळ पुन्हा रचलेलं तणस बैलांना घालायच्या निमित्तानं भारा-भारा करून तिनं वावरात पोचवलं. समोरचं राखेचं रिंगण तिनं राखलं, सासऱ्यांना दिसावं म्हणून. त्यावर पडलेली पानं रोज हातानं वेचली. एकदा ती छपरावर होती, तेव्हा शेजारून केशरबाईनं हाक मारली.

"काय करून राहिली वो गुंजन, वर?"

"माकडानं कवेलू सरकवले, मावशी. नीट करून राहिली."

केशरबाई एकटी राहत असे. चार शेळ्या, थोडं धान, आणि महाराजांवर जीव. तिच्या छपरावर सागाची पानं थरावर थर साचली होती. गुंजनच्या तोंडावर शब्द आले होते. पण केशरबाईच्या पोटात काही राहत नसे. हिला सांगितलं की दुपारपर्यंत सासऱ्यांना कळणार. गुंजननं शब्द गिळले आणि ती शिडीवरून खाली उतरली.

एप्रिल निम्मा सरला. होळीला मांडलेल्या सोहळ्याच्या समाप्तीसाठी महाराज पुन्हा आले आणि त्यांनी केशरबाईकडे जेवायला येण्याचं मान्य केलं. केशरबाईला आभाळ ठेंगणं झालं. यंदा झाडायचं नव्हतंच, म्हणून जीपपासून ओसरीपर्यंत पाल्यावरच सतरंज्या अंथरल्या गेल्या. महाराज त्यावरून कुरकुर कुरकुर आवाज करत चालत आले. रुचिका मॅडम आणि गुंजन वाढायला मदत करत होत्या. अंगणात, रस्त्यावर अर्धं गाव उभं होतं.

वणवा कोणी लावला, हे गावानं अजूनही सांगितलेलं नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला पेटवायचा, ही तिकडची जुनी खोड. कोणीतरी पेटवला असेल आणि घरी जेवायला आला असेल. दुसरी पंगत बसली होती, तेवढ्यात डोंगराच्या माथ्यावर धूर दिसला. वारा गावाकडे होता. बघता बघता धुराखाली लाल ओळ दिसायला लागली.

मागच्या वर्षी धूर दिसताच माणसं हंडे, बादल्या घेऊन बोडीकडे धावली होती. यंदा कोणी जागचं हललं नाही. सगळ्यांनी हात जोडले आणि महाराजांकडे पाहिलं.

"महाराज, तेवढी फुंकर मारा," केशरबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हतीच. जेवताना मीठ वाढायला सांगावं तसं तिनं सांगितलं.

महाराजांनी गाल फुगवले. "फूऽऽ. थंडा."

"थंडा! थंडा!" अंगण ओरडलं.

उत्तरादाखल डोंगरावरून वाऱ्याचा एक झोत आला आणि त्याच्याबरोबर ठिणग्या. जळती पानं, जळत्या काड्या, सालीचे लाल तुकडे. एक ठिणगी सतरंजीवर पडली, सतरंजीखालच्या पाल्यातून धूर निघाला. एक तणसाच्या ढिगात शिरली. आणि कवेलूंच्या खाचीतून, एका ठिकाणी, मग तीन ठिकाणी, धुराच्या बारीक रेघा वर उठल्या.

"फूऽऽ," महाराज म्हणाले, आणि तेवढ्यात मागचं तणस भडकलं.

त्या क्षणी वर्षानुवर्षांचं मौन सुटलं. "अबे भय्या, जीप काढ! जीप काढ लवकर!" महाराज उष्ट्या हातानं धोतर वर धरून पळत सुटले. सूक्ष्मदेह कुठे होता कोण जाणे. स्थूलदेह मात्र भलताच चपळ निघाला. भय्याजींनी जीपच्या सीटखालून लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं काढलं. लोकांना वाटलं, आता छपरावर मारतात. त्यांनी ते जीपच्या बॉनेटवर मारलं, जीप वळवली आणि दोघे थेट शाळेच्या पटांगणावर जाऊन थांबले. तिथं गवताची काडी नव्हती. धोक्याच्या वेळी महाराजांना जागेची निवड उत्तम जमली.

केशरबाई मागे धावली. शेळ्या छपरीत बांधलेल्या होत्या आणि छपरी पेटत आली होती. गुंजननं विळा घेतला, मॅडमनी ओला टॉवेल डोक्यावर घेतला आणि दोघी तिच्या मागे शिरल्या. दोर कापले, शेळ्या बाहेर ढकलल्या. केशरबाई पुन्हा घरात वळली. "माहं बीजाईचं धान हाय आत! पेरू काय मी?" दोघींनी तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं आणि मागे छप्पर खाली आलं.

आता कुठे गाव हललं. गोमाजींनी ओरडून बोडीपासून माणसांची रांग लावली. बादल्या फिरल्या, हिरव्या डहाळ्यांनी पेटतं गवत झोडपलं गेलं, धर्मेंद्र आणि वनमजूर डोंगराच्या अंगानं पोचले. ऊन कलेपर्यंत आग आटोक्यात आली. केशरबाईच्या घराच्या चार भिंती राहिल्या. पलीकडचं घर अर्धं जळालं. गोमाजींच्या घराला काहीही झालं नव्हतं.

पटांगणावर माणसं बसली होती, काळी, थकलेली. भय्याजींना एव्हाना माईक सापडला होता.

"पाहा! पाहा चमत्कार! चहूकडं आग, आन् मधात गोमाजींचं घर उभं! हे हाय महाराजांचं कवच! आता कोनी म्हनन, केशरबाईचं काहून जळलं? श्रद्धेत खोट होती! मनात शंका आली का कवच तुटते!"

केशरबाईनं मान वर केली. तिच्या तोंडावर काजळी होती आणि त्यातून पाण्याचे ओघळ आले होते. "माही श्रद्धा खोटी?" ती म्हणाली. "म्या तं एक पानही नाही उचललं, महाराज. तुमी सांगतलं तसंच केलं."

गुंजन उठली. सासऱ्यांसमोर, गावासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती. ती घरी गेली आणि दारावरचं लाल फडकं काढून घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं गाठ सोडली. आतून दगड निघाला.

"नारळ कुठं हाय?" भय्याजी ओरडले.

"तुमच्या पोटात हाय," गुंजन म्हणाली. "होळी झाल्यावर महाराज आमच्याकडं जेवाले आले. तुमी म्हनलं, खोबऱ्याच्या वड्या पाहिजे. घरात नारळ नोहता. मीनं दारावरचाच फोडला. महाराजांनी दोनदा मांगून घेतल्या. तवापासून त्या फडक्यात दगडच हाय."

कुठूनतरी एक जण फसकन हसला.

"आन् खराटा लावाचा नाही म्हनलं होतं ना? मीनं रोज लावला." तिनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. "मामाजी जंगलात गेले का मांगची जागा झाडली, तनस हलवलं, कवेलूवरचा पाला काढला. कवच तुटाचंच होतं तं पयलं आमचं तुटलं असतं."

गोमाजी सुनेकडे पाहत राहिले.

रुचिका मॅडम पुढे झाल्या. या वेळी त्यांनी कसलंही भाषण केलं नाही. "चला," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना गोमाजींच्या घरामागे घेऊन गेल्या. झाडलेल्या जमिनीवर जागोजागी काळे ठिपके होते, रुपयाएवढे, तळहाताएवढे. "मोजायची गरज नाही. बघा फक्त. ठिणग्या इथंही पडल्यात. केशरबाईंच्या घरावर पडल्या तेवढ्याच. इथं त्यांना खायला काही मिळालं नाही."

त्यांनी चिमट्यानं एक धगधगता निखारा आणवला आणि झाडलेल्या जमिनीवर ठेवला. सगळे वाकून पाहू लागले. निखारा लाल होता, मग करडा झाला, मग विझला. दुसरा निखारा त्यांनी मूठभर वाळल्या सागपानांवर ठेवला आणि वारा घातला. पानं भडकली, तसं पुढचे लोक मागे सरले. मॅडमनी त्यावर पाणी ओतलं.

"केशरबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमचं घर वाचलं, यंदा जळालं. घर तेच. महाराज तेच. राख तीच. मग बदललं काय?"

केशरबाई त्या काळ्या ठिपक्यांजवळ वाकली. "मांगच्या साली म्या झाडलं होतं," ती म्हणाली. "यंदा नाही झाडलं."

मग ती गुंजनकडे वळली. "तुले माहीत होतं. छपरावर चढून राहिली होती तू. मंग मले काहून नाही सांगतलं वो, बाई?"

गुंजनची मान खाली गेली. "मामाजींचं भेव वाटलं, मावशी."

हे गोमाजींनी ऐकलं. वणव्यानं त्यांचं काही नेलं नव्हतं. ते या वाक्यानं हलले. ते तसेच परतून पटांगणावर गेले आणि भय्याजींच्या हातातला माईक त्यांनी काढून घेतला. "माहं घर महाराजांनी वाचवलं असं मी या मांडवात सांगतलं होतं," ते माईकवरून म्हणाले. "ते खोटं हाय. माह्या सुनेनं वाचवलं. आन् केशरबाईचं घर वाचलं असतं, माही सून मले भेली नसती तं." एवढं बोलून त्यांनी माईक खाली ठेवला.

महाराज तोवर जीपमध्ये जाऊन बसले होते. पुन्हा मौनात. पण गावानं जीप हलू दिली नाही. सरपंच निर्मलाबाईंनी पोलिसांना फोन केला होता, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. जबाब घेताना महाराज पुष्कळ बोलले असं म्हणतात.

केशरबाईचं घर गावानं पावसाआधी उभं करून दिलं. बीजाईचं धान गोमाजींनी दिलं. तिनं ते घेतलं, पण गुंजनशी ती धानाची रोवणी लागेपर्यंत बोलली नाही. मग एकदा रोवण्याच्या कामाला मजूर हवे म्हणून बोलावं लागलं, आणि बोलणं सुरू झालं.

आता सालईटोल्यात पानगळ सुरू झाली की वरच्या ओळीतले लोक घराभोवतीचा पाला गोळा करून खतखड्ड्यात टाकतात. पेटवत नाहीत, मोहाखालीही नाही, तिथं जुन्या साड्या अंथरून फुलं वेचतात. तणस आणि सरपण घरापासून लांब रचतात. कवेलूंच्या खाचा साफ करायला पुढच्या वर्षी गोमाजी स्वतः शिडी चढले. खालून गुंजन त्यांना इकडं राहिलं, तिकडं राहिलं असं सांगत होती आणि ते ऐकत होते.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. कोणी म्हणालं की माझ्यामुळे तुमचं घर वाचलं, तर त्याच्या पाया पडण्याआधी विचारा, त्या दिवशी आणखी काय काय झालं होतं? कोणी काय हलवलं, कोणी काय झाडलं? उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच घरात सापडेल. ते सापडलं की मनात ठेवू नका, शेजारच्या घरी जाऊन सांगा. राखेचं रिंगण आखायचंच असेल तर आखा. पण त्याआधी पाला उचला, आणि पाला उचलल्यावर राखेची गरज उरते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.